पहिल्या हाताचं विरजण

ही गोष्ट २०४१ सालची. त्या वर्षी पूर्णेला दोनदा पूर आला, आमच्या शाळेची पटसंख्या एकोणीसवर आली आणि मी साठ वर्षांची झाले. आता बावीस वर्षं होऊन गेली. काल सकाळी काय खाल्लं ते मला आठवत नाही, पण त्या वर्षातला कुठला वार कसा गेला ते अजून सांगता येतं.

आमचं धामणखारी गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जीभ आक्रसायची. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि चाळिशी ओलांडली की माणसांचे पाय सुजायला लागत. मग तपासणी, मग अकोला, मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी सहाला एक एसटी सुटायची, तिला सगळे 'किडनी गाडी' म्हणत. माझे यजमान दिगंबरराव त्या गाडीनं चार वर्षं गेले. खिडकीची जागा त्यांची ठरलेली. २०३१ साली ते वारले, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर माझ्याच एका विद्यार्थ्याचे वडील बसले. आमच्याकडे कोणी 'त्याची किडनी गेली' म्हणत नसे; 'तो गाडीत बसला' म्हणत.

डॉक्टर पुष्कळ येऊन गेले. रक्त घेत, फोटो काढत आणि परत येत नसत. डॉ. फरीदा काझी आल्या त्या मात्र वेगळ्याच होत्या. त्या अकोल्याच्याच, वऱ्हाडी कळणाऱ्या. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या, "तुमच्यावर संशोधन करायला मी आलेली नाही. तुमच्यासोबत करायला आले आहे. काय शोधायचं ते आधी तुम्ही सांगा."

शेवटच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "गाडी कशी चुकवाव, थे शोधा!"

लोक हसले. फरीदाबाईंनी ते लिहून घेतलं. पुढे अभ्यासाचा मुख्य प्रश्न तोच ठरला. रक्तातले आकडे मोजायचेच, पण खरं मोजायचं ते हे, की माणूस किती दिवस गाडीत न बसता राहतो. अभ्यासाची समिती सात जणांची. तीन संशोधक आणि चार आम्ही गावकरी. आम्हाला 'रुग्ण-भागीदार' म्हणत. प्रत्येकाला एक मत, डॉक्टरचं आणि आमचं सारखं. मी निवृत्त शिक्षिका, शिवाय माझीही मूत्रपिंडं मंदावू लागलेली, म्हणून माझी निवड झाली.

औषध काय होतं ते फरीदाबाईंनी आम्हाला पोळीच्या तव्याशी बसून समजवावं इतकं सोपं करून सांगितलं होतं. आपण खातो त्यातला काही भाग आतड्यातले जिवाणू कुजवतात, त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात. निरोगी मूत्रपिंड ती गाळून टाकतं. आजारी मूत्रपिंडाला ते झेपत नाही, विष रक्तात साठतं आणि उरलेल्या मूत्रपिंडालाही खातं. फरीदाबाईंच्या संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दह्यातल्या एका जिवाणूत असा बदल केला होता, की त्यानं ते विष आतड्यातच, रक्तात शिरण्याआधी, खाऊन टाकावं.

पण बदल केलेला जीव मोकाट सुटला तर? म्हणून त्याला एक कुलूप होतं. प्रयोगशाळेत बनवलेल्या एका पदार्थावाचून तो जगूच शकत नसे, आणि तो पदार्थ निसर्गात कुठेच मिळत नाही. ती त्याची किल्ली. औषधाच्या कपात किल्ली मिसळलेली असे. ती संपली की जिवाणू थोड्याच पिढ्यांत मरायचा.

औषध आधी गोळीत द्यायचं ठरत होतं. समितीत मीच म्हटलं, "गोळी नको. आमच्या बाया गोळ्या उशीखाली ठेवून देतात. छोट्या कपात दही द्या. दह्याला कोणी नाही म्हणणार नाही." सगळ्यांनी हात वर केले. मला त्या दिवशी फार धन्य वाटलं होतं.

आमच्या आणि शेजारच्या दोन गावांतले दोनशेबारा रुग्ण घेतले. संगणकानं चिठ्ठ्या काढल्या. एकशेसहा जणांना जिवंत औषधाचं दही. उरलेल्या एकशेसहांना दिसायला, चवीला अगदी तसंच, पण तापवून आतले जिवाणू मारलेलं. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. दोन्ही गटांत फरक पडला तरच औषध खरं. २०४०च्या चैत्रात कप वाटायला सुरुवात झाली.

चौथ्या दिवशी चंद्रकला खंडारे भिंतीपलीकडून डोकावली. आमच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत. तिची तिन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकलेली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण तिचा आजार माझ्या पुढे गेलेला.

"बाई, दवाखान्याच्या दह्याचं विरजन लावून पाह्यलं काय तुमी?"

"औषधाचं विरजण कोण लावतं, चंद्रकला?"

"मी लावलं. चमचाभर राह्यलं होतं बुडाले, फेकाव वाटलं नाही. पन लागलंच नाही व बाई. सकाळी पाह्यलं तं दूध जसंच्या तसं."

मला उगाच गंमत वाटली. मी माझ्या कपातला चमचा कोमट दुधात घातला. सकाळी दही असं लागलं होतं, की वाटी कलती केली तरी हलेना. ती वाटी मी भिंतीवर ठेवली. चंद्रकलानं ती कलती करून पाहिली.

"म्हनजे तुमचं जितं हाय," ती म्हणाली, "अन् माहं मेलेलं."

केंद्रातल्या एवढ्या शिकलेल्या माणसांनी डोळ्यांना ओळखू येणार नाही असं औषध बनवलं होतं. त्याला कोणी दूध लावून पाहील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. फरीदाबाईंच्या घरी दही दुकानातून येई.

कोणाला काय मिळतंय हे फुटलं तर, भागीदार म्हणून मी सही केलेल्या करारातल्या नवव्या कलमाप्रमाणे, मी त्याच दिवशी केंद्राला फोन करायला हवा होता. मी केला नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या जरा आधी चंद्रकला वाटी घेऊन भिंतीशी आली.

"बाई, विरजन हाये काय?"

आमच्याकडे शेजारणीला विरजण नाही म्हणत नाहीत. नियम एकच, दिवे लागल्यावर द्यायचं नाही. दिवे लागले नव्हते. मी दिलं. तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, औषध दिलं असं मला त्या क्षणी वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी परत दिली, तर तीत चार लसणाच्या कुड्या होत्या. रिकामी वाटी ती कधी देत नसे.

महिन्याभरात तिन्ही गावांत सगळ्यांना कळलं कोणाचं लागतं आणि कोणाचं लागत नाही. कपातलं चमचाभर दही रोज कुठल्या ना कुठल्या भिंतीवरून पलीकडे जाऊ लागलं. मला ते दिसत होतं. दर महिन्याच्या सभेत मी फरीदाबाईंच्या शेजारी बसून चहा पीत होते आणि बोलत नव्हते.

२०४१च्या ऑक्टोबरात, दीड वर्षानंतर, पहिला हिशेब मांडायची सभा झाली. आकडेतज्ज्ञ मकरंद लाड पुण्याहून आले होते. बारीक अंगाचे, बोलताना चष्मा पुसायची सवय. त्यांनी पडद्यावर दोनच आकडे दाखवले.

"जिवंत औषधाच्या गटात तीन जण डायलिसिसवर गेले. दुसऱ्या गटात आठ. एवढ्या लोकांत हा फरक योगायोगानंही पडू शकतो. पुढे चालवून काही हाती लागेल असं दिसत नाही. अभ्यास बंद करावा, अशी माझी शिफारस आहे."

फरीदाबाईंनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. अकरा वर्षं त्यांनी त्या जिवाणूवर घालवली होती.

मी विचारलं, "लाडसाहेब, दोन्ही गट सारखेच आजारी आहेत, की सारखेच बरे?"

"मॅडम, आपण फक्त तुलना बघतो."

"पण दोन्ही बरे असतील तर?"

"तर आजारच सौम्य होत चालला असेल. तुमच्याकडे नवी नळयोजना आली ना?"

नळयोजना! नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं आणि तेही गढूळ. मतदान पुढच्या मंगळवारी ठरलं. समितीनं बंद म्हटलं, की औषध कायमचं कपाटात जाणार होतं.

घरी येऊन मी कागद घेतला. अभ्यासाच्या आधीच्या दीड वर्षात या तीन गावांतून कोण कोण गाडीत बसलं, ते आठवून लिहायला लागले. नावासमोर मूल, मुलासमोर इयत्ता. शिक्षकाची आठवण अशीच चालते. एकेचाळीस नावं झाली. आणि गेल्या दीड वर्षात, औषधवाले आणि बिनऔषधवाले मिळून, अकरा.

औषध लागू पडत होतं. इतकं लागू पडत होतं, की आम्ही ते वाटून फरकच पुसून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी जाऊन चंद्रकलाला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

"मंग? सांगनार हाये तुमी?"

"नाही सांगितलं तर औषध बंद पडेल."

"अन् सांगतलं तं माहं बंद पडंल. आजपासून." ती उठून उभी राहिली. "पाय पाहा माहे. दीड वर्ष झालं, सूज नाही. सांगतलं का थे कप बंद, विरजन बंद, अन् मी सहाच्या गाडीत. हेच ना?"

"नवा अभ्यास होईल. तुला परत—"

"कवा होईल? दोन वर्षानं? तवरक माह्या किडन्या थांबतील काय तुमच्या सभेसाठी?" तिचा आवाज चढला. "तुमाले काय व बाई, तुमाले जितं मिळालं. दीड वर्ष खाल्लं, तब्येत सुधरली, आता खरं बोलायची हौस आली. मास्तरीन ना तुमी! माह्या पोराले हातावर छडी मारली तवाबी 'तुह्या भल्यासाठी' म्हनूनच मारली होती."

"चंद्रकला, पुढच्या पोरांसाठी..."

"पुढच्याचं पुढं. मी हाये ना इथं, भिंतीच्या अलीकडं!" तिनं घासलेलं पातेलं पालथं आपटलं. "सांगा. पन सांगतलं तं या भिंतीशी येऊ नका."

ते सहा दिवस मी कसे काढले, ते लिहीत नाही. एकदा वाटायचं, गप्प बसावं. चंद्रकला तरी वाचेल. मग लक्षात यायचं, अभ्यास बंद झाला की कपही बंद. गप्प बसूनही ती गाडीत बसणारच होती. तिला ते दिसत नव्हतं, की बघायचं नव्हतं? आणि मी तरी कशाला भीत होते? तिच्या किडनीला, की फरीदाबाईंच्या नजरेला?

मंगळवारी हात वर करायच्या आधी मी उभी राहिले आणि सांगितलं. पहिली वाटी मीच दिली, हेही सांगितलं.

लाडांनी चष्मा काढला तो हातातच राहिला.

"सगळा अभ्यास गेला," ते म्हणाले.

फरीदाबाई माझ्याकडे बघून इतकंच म्हणाल्या, "बाई, तुम्ही?" मग त्यांचा चेहरा बदलला. "किती घरांत लावलं हे विरजण? दूध घालून वाढवलं? म्हणजे तो जिवाणू दीड वर्ष उघड्यावर वाढतोय. कुलूप तुटलं असलं तर?"

हा विचार मला शिवलाही नव्हता. चंद्रकलाचा दोन वर्षांचा नातू त्याच दह्याचा भात खात होता.

त्याच दुपारी कप थांबले, सगळ्यांचे. माझाही. दिल्लीहून तपासणी अधिकारी आले. प्रत्येक घरातलं विरजण शाळेत आणून द्यावं, अशी दवंडी फिरली. पण कोणी आलं नाही. दोन दिवस मी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून बसले. बाया समोरून जात, माझ्याकडे बघून पदर सारखा करत. एकजण मोठ्यानं म्हणाली, "आमच्या घरी दहीच लावत नाही बाप्पा. आमाले खोकला होते." बाकीच्या हसल्या. अधिकारी म्हणाले, आणखी एक दिवस. मग 'लोकांच्या बेजबाबदारपणामुळे अभ्यास दूषित' असं लिहून जातो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रकला आली. हातात झाकलेली वाटी. माझ्याकडे न बघता ती सरळ माझ्या शेजारी वही घेऊन बसलेल्या लाडांसमोर गेली.

"तुमी आकडेवाले?"

"हो, बोला ना."

"मले एक सांगा. माही बहीन सुमन, मागच्या गल्लीत राहते. तिचंबी मेलेलं. मी बाईकडून विरजन नेवो, त्याचं दही लावो अन् त्यातलं सुमनले देवो. रोज. एक दिवस चुकवला नाही. मी चांगली हाये. अन् थे गेल्या महिन्यात गाडीत बसली." तिनं वाटी दुसऱ्या हातात घेतली. "माह्या हातानं देल्लं मी तिले. मंग तिले काहून नाही लागू झालं? एवढं सांगा, अन् मंग वाटी घ्या."

लाड खुर्ची मागे सारून उठले आणि आत वर्गात बसलेल्या फरीदाबाईंना हाक मारली.

"म्हणजे यांना कपातलं पहिल्या हाताचं मिळालं," ते म्हणाले, "आणि बहिणीला दुसऱ्या हाताचं."

फरीदाबाई हळू बोलल्या, स्वतःशीच बोलावं तशा. "किल्ली पहिल्या दह्यातच संपली असणार. दुसऱ्या लावणीत आपला जिवाणू मेला. उरलं नुसतं घरचं दही." त्या वळल्या. "चंद्रकलाताई, कोणाला पहिल्या हाताचं मिळालं आणि कोणाला दुसऱ्या, हे कोणी सांगू शकेल?"

चंद्रकलानं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी मी पाढा न येणाऱ्या पोराकडे बघायची.

"विरजन कोनाकडून आनलं, हे कोन्या बाईले आठवनार नाही व, डॉक्टरीनबाई?"

ती गेली आणि तासाभरात चाळीस बाया घेऊन आली.

त्यानंतरचे तीन दिवस मी विसरणार नाही. बाया फरशीवर बसल्या आणि लाड फळ्यावर खडूनं बाण काढत होते. कोणी कोणाला दिलं, कधीपासून, मध्ये कधी खंड पडला. "पोळ्याच्या करीपासून तिच्याशी बोलनं बंद, तं तवापासून भावजयीकडून आनलं." "आमची गाय आटली होती दोन महिने, तवा नाही लावलं." एकीनं चुकीचा वार सांगितला, तर तिघी एकदम म्हणायच्या, "शुक्रवार नव्हता व, त्या दिवशी दळन बंद होतं." लाड पहिल्या दिवशी प्रत्येक उत्तर दोनदा तपासत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तपासणं सोडलं.

बिनऔषधाच्या एकशेसहांपैकी एकाहत्तर जणांनी पहिल्या हाताचं खाल्लं होतं. त्यातून गाडीत बसला एक. उरलेले पस्तीस दुसऱ्या हाताचं खाणारे, किंवा कोणाकडेच न मागणारे. त्यातून बसले सात.

लाडांनी खडू ठेवला. फरीदाबाई फळ्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

वाट्यांचा अहवाल अठरा दिवसांनी आला. दुसऱ्या हाताच्या एकाही दह्यात तो जिवाणू जिवंत नव्हता. कुलूप टिकलं होतं. दीड वर्ष, दोनशे स्वयंपाकघरांत.

हे सगळं समितीसमोर आलं तेव्हा मला भागीदार म्हणून ठेवायचं की काढायचं, यावर मत घेतलं. काढायच्या बाजूनं सात मतं पडली. सातवं माझं होतं.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. बायांनी सांगितलेला फळा हा पुरावा मानता येणार नाही, असं दिल्लीनं कळवलं. त्याच्या आधारावर नवा अभ्यास मात्र मंजूर केला. त्यात दहा महिने गेले, आणि तेवढे दिवस कोणालाही औषध नव्हतं. २०४९ साली औषध बाजारात आलं. गोळीत येतं, दह्यात नाही. आमच्या गावची सहाची गाडी ५२ साली बंद झाली, तेव्हा कोणाला कळलंही नाही. मला कळलं, कारण त्या दिवशी मी उगाच लवकर उठून बसले होते.

फरीदाबाईंवर दोन वर्षं चौकशी चालली. त्यातून त्या सुटल्या. कुठलंही नवं औषध लोकांना देण्याआधी ते चार स्वयंपाकघरांत ठेवून बघायचं, असा नियम त्यांनी आपल्या केंद्रात घातला. त्या गेल्या वर्षी वारल्या. लाड अजून दिवाळीला फोन करतात. मला 'मॅडम' म्हणायचं त्यांनी सोडलं आहे, 'बाई' म्हणतात. सुमन ४४ साली वारली. माझी मूत्रपिंडं बऱ्यापैकी आहेत. मी जिवंत गटातली.

चंद्रकला नव्या अभ्यासाची वाट बघत असताना सहाव्या महिन्यात गाडीत बसली. दिगंबररावांच्या खिडकीशी. माझ्याशी ती बोलत नव्हती. आठ वर्षं परसातल्या भिंतीवर दोन्हीकडून शेवाळ चढलं. मी सकाळी सहाला दारात उभी राहायची, ती माझ्याकडे न बघता चौकाकडे जायची.

पन्नास सालच्या माघात, एका संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावून परसात आले, तर ती भिंतीशी उभी होती. फार वाळली होती. हातात वाटी.

"सुनेचं दही बिघडलं," ती म्हणाली. "विरजन हाये काय, बाई?"

दिवे लागले होते. तिलाही माहीत होतं, मलाही.

मी आत जाऊन घेऊन आले.